डार्क सुपरनॅचरल अ‍ॅनिमे-मांगा सुचवताना तुम्ही नेमकं काय पाहता?

सदरचा_निशाचर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपुरात सदरमध्ये राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिलो आहे. रात्री अकरानंतर डोक्यात काही शिरत नाही आणि झोपही येत नाही. तेवढा वेळ अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचा. डेथ नोट झालं, टोकियो गूल झालं, जुजुत्सु कायसेन आलं तेवढं सगळं पाहून झालं. आता पुढे काय म्हणून याद्या शोधल्या तर सगळीकडे तीच दहा नावं, फक्त क्रम मागेपुढे. प्रत्येक नावाखाली एकच वाक्य: खूप डार्क आहे, नक्की बघा. अरे, दिवे घालवून कुणीही डार्क करू शकतो.

खरी अडचण माझ्या ताईची आहे. ती स्टाफ नर्स आहे, इथल्याच एका हॉस्पिटलात. नाइट नसली की माझ्यासोबत बसते. टोकियो गूलमध्ये तो खुर्चीला बांधून छळायचा भाग आहे ना, तिथं तिनं मोबाइल काढला. मला वाटलं किळस आली असेल. तर म्हणते, "किळस कशाची? रक्त तर रोजच पाहते. एवढं दुखत असताना माणूस इतकं बोलत नाही रे." आणि हीच ताई जुजुत्सुच्या सुरुवातीला, शाळा आणि हॉस्पिटलांमध्ये शाप साचतात असं सांगतात तिथं, टेकलेली होती ती सरळ उठून बसली. "हे बरोबर सांगितलं," म्हणाली. पुढं मारामाऱ्या सुरू झाल्या आणि ती घोरायला लागली.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. आम्हा दोघांना एकत्र बघता येईल असं काही सुचवा. आणि दुसरं, ते मला जास्त हवंय: तुम्ही एखादी सिरीज दुसऱ्याला सुचवता तेव्हा तिच्यात काय असावं लागतं? "भारी आहे" सोडून काहीही चालेल.

अटी: शंभर-दोनशे भागांचं नको, शेवट फोडू नका, आणि कृपा करून डेमन स्लेयर सांगू नका. ते पाहिलंय, आवडलंय, पण त्यात भीती वाटत नाही.

---

गट्सचा_लहान_भाऊ

भाऊ, एवढा विचार कायले करतो? बर्सर्क घे. मांगा (जपानी चित्रकथा) घे, अ‍ॅनिमेच्या नादाले लागू नको. जुनं १९९७ चं २५ भागांचं पाहिलंस तर एकवेळ चालते, पण त्यानंतरची थ्रीडीवाली पाहून मले तर वाईटच वाटलं.

तू विचारलं काय पाहून सुचवतो, तर माझं सोपं आहे. पान उलटताना हात थांबला पाहिजे. केंतारो मिउरानं १९८९ मध्ये सुरू केलं आणि ३० वर्षांच्या वर तेच काढत बसला होता माणूस. एकेका चिलखतावरच्या रेघा पाय. दोन पानांवर पसरलेलं एक चित्र येते आणि तू तिथंच दहा मिनिटं बसून राहतो. मे २०२१ मध्ये तो गेला. २०२२ पासून त्याचा जुना मित्र कोउजी मोरी आणि त्याच्याच स्टुडिओतले सहायक मिळून पुढं नेऊन राहिले. मोरीले त्यानं शेवट सांगून ठेवला होता म्हणतात. ते वाचताना वेगळंच वाटते बाप्पा.

फक्त ताईले देऊ नको. एक्लिप्स नावाच्या प्रसंगापर्यंत गेली तर शिव्या मले पडतील. त्यात बाईवर जे होते ते मलेही परत वाचवत नाही.

---

धरमपेठ_लायब्ररी

मी धरमपेठेत लायब्ररी चालवते. कादंबऱ्या, दिवाळी अंक, लहान मुलांची पुस्तकं, आणि एक कपाट मांगाचं. ते कपाट मुलीच्या हट्टानं आलं. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, कपाट माझ्याकडे राहिलं. आधी मी ते फक्त पुसायची. मग एका उन्हाळ्यात दुपारी कुणी फिरकेना, कूलरसमोर बसून एक खंड उघडला. (शेवटच्या पानाकडून उघडायचा असतो हे ठाऊक नव्हतं, पण चुकीच्या बाजूनं उघडणाऱ्यांसाठी तिथं सूचनाच छापलेली असते, तिनं वाचवलं.) आता ते कपाट माझं आहे.

लायब्ररीवाल्याला एक गोष्ट दिसते ती याद्या करणाऱ्यांना दिसत नाही. कोण कुठल्या खंडावर थांबलं ते माझ्या रजिस्टरात असतं. टोकियो गूलचा पहिला खंड हाताळून हाताळून सुटायला आलाय, शेवटचे करकरीत आहेत. डेथ नोट सातव्या खंडापर्यंत लोक उभ्या उभ्या बदलून नेतात, आठव्यापासून निम्मे गळतात. का, ते वाचलेल्यांना माहीत आहे. बर्सर्क नेणारे कमी, पण नेतात ते परत येतातच. तेव्हा वरच्या भाऊचं म्हणणं मला पटतं, पण हात थांबवणारी चित्रं मी इतर बऱ्याच ठिकाणी पाहिली आणि तिथं पुढचा खंड मागायला कुणी आलं नाही.

मी सुचवताना एकच पाहते. यातल्या भुताचं काय राहिलंय?

आपल्याकडे उगाच कुणी भूत होत नाही. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोरगं गेलं, तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. त्यांना काहीतरी मिळायचं होतं, ते राहून गेलं. आणि बहुतेक वेळा ते राहून जायला कुणी जिवंत माणूस कारण असतो, जो नंतर रात्री पिंपळाखालून जायला घाबरतो. ज्या जपानी गोष्टींमध्ये हा हिशेब आहे त्या लोक शेवटपर्यंत नेतात. जिथं नुसताच राक्षस येतो, खातो, आणि मग त्याच्याहून मोठा राक्षस येतो, तिथं तिसऱ्या-चौथ्या खंडाला रजिस्टर थांबतं.

या कसोटीवर माझी पहिली शिफारस मोनोनोके. २००७ ची मालिका, फक्त बारा भाग, त्यात पाच गोष्टी. एक औषधविक्या गावोगाव फिरतो, पाठीवर औषधांची पेटी. त्याच्याजवळ तलवार आहे, पण ती मनात आलं म्हणून उपसता येत नाही. समोरच्या मोनोनोकेचं, म्हणजे भुताचं, रूप काय, घडलं काय, आणि ते घडण्यामागचा भाव काय, या तिन्ही गोष्टी कळल्या तरच तलवार म्यानातून निघते. त्यामुळे प्रत्येक गोष्टीत त्याला मारामारी करण्याआधी चौकशी करावी लागते. खोलीतल्या चार-पाच जणांना तो तेच तेच विचारतो, ते खोटं बोलतात, तो पुन्हा विचारतो. भूत दाराबाहेर उभं असतं आणि आतले लोक अजूनही आपली अब्रू सांभाळत असतात! मला यात जी भीती वाटली ती भुताची नव्हती.

पहिली गोष्ट एका सरायची. पावसाच्या रात्री एक गरोदर बाई आसरा मागते, मालकीण नाही म्हणते, शेवटी वरची बंद खोली उघडून देते. ती सराय पूर्वी काय होती ते हळूहळू कळतं. तिसऱ्या गोष्टीत एका सुनेवर सासरची सगळी माणसं मारल्याचा आरोप आहे. ती गोष्ट मी एका दुपारी सलग दोनदा पाहिली, आणि माझ्या लायब्ररीत येणाऱ्या दोघी-तिघींना बसवून दाखवली. त्यांतल्या एकीनं आयुष्यात कधी कार्टून पाहिलं नव्हतं. तिला रंग जास्त वाटले (रंग खरंच भडक आहेत, जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांसारखे, आणि सगळ्यावर कागदाचा पोत) पण गोष्ट तिला माझ्याआधी कळली.

दुसरी शिफारस खास ताईंसाठी: शिकी. २०१०, बावीस भाग. फुयुमी ओनो या लेखिकेची १९९८ ची कादंबरी आहे मुळात. सोतोबा नावाचं डोंगरातलं गाव, वस्ती तेराशेची. जपानमध्ये आज जवळपास सगळ्यांचं दहन होतं, या गावात मात्र अजून पुरतात. ही एवढीच गोष्ट धरून लेखिका सगळं उभं करते. कडक उन्हाळ्यात माणसं मरायला लागतात. गावात एकच डॉक्टर. त्याला आधी रक्तक्षय वाटतो, मग साथ. तो नोंदी ठेवतो, तपासण्या करतो, रात्र-रात्र बसतो. भुताची शक्यता त्याच्या मनात येते ती सगळे वैद्यकीय रस्ते संपल्यावर, आणि मला वाटतं ताईंना तो भाग आवडेल, कारण तिथं कुणी मूर्खासारखं वागत नाही. उत्तरार्धात डॉक्टर जे करतो त्यावर आमच्याकडे दोन मेडिकलच्या मुलींची इतकी भांडणं झाली की मला दिवे मालवायची धमकी द्यावी लागली. पात्रांचे केस मात्र विचित्र आहेत. गावातल्या पोरांचे केस असे आकाशात का, हे मला कुणी समजावलेलं नाही. पहिले पाच-सहा भाग संथ आहेत, ते सोसा.

दोरोरो, २०१९ ची, चोवीस भाग. मूळ मांगा ओसामू तेझुकाची, १९६७ ची. एक सरदार आपल्या राज्याच्या भरभराटीसाठी नुकत्याच जन्मलेल्या मुलाचे अवयव राक्षसांना देऊन टाकतो. मुलगा वाचतो, मोठा होतो, एकेक राक्षस मारून एकेक अवयव परत मिळवतो. मुळात असे ४८ राक्षस होते, नव्या मालिकेत १२ केले. पण नव्या मालिकेनं जे चांगलं केलं ते हे की मुलाला डोळा मिळाला, कान मिळाला की तिकडे राज्यात पीक बुडतं. आता राहिलेलं येणं कुणाचं? मुलाचं आहेच. पण त्या सुबत्तेवर ज्यांची पोरं जगली त्या शेतकऱ्यांनी काय करायचं? विदर्भातल्या माणसाला पीक बुडण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जिगोकू शोजो बरी आहे. रात्री बारा वाजता एक वेबसाइट उघडते, ज्याचा द्वेष करता त्याचं नाव टाकायचं. मुलगी येते, काळी गवताची बाहुली देते. बाहुलीचा लाल दोरा ओढला की तो माणूस नरकात. पण मेल्यावर तुम्हीही तिथंच. किंमत आधी सांगितलेली आहे आणि तरी लोक ओढतात, हे तिचं बळ. पण भाग एकाच साच्यातले आहेत, सलग बसलात तर कंटाळाल.

सुचवत नाही ती: अनदर. वर्गात एक विद्यार्थी जास्तीचा आहे, तो मेलेला आहे, आणि कोण ते त्याला स्वतःलाही माहीत नाही. इतकी सुंदर कल्पना, आणि तिचं केलं काय, तर मरणांची आतषबाजी. छत्रीचा प्रसंग लोक अजून एकमेकांना पाठवतात. मला त्यात मेलेल्या मुलीचं नावही आठवत नाही, आणि दोष माझ्या आठवणीचा नाही.

या सगळ्यांनंतर, कधी ताई फार थकून आली असेल त्या दिवशी, मुशिशी. ती कशी ते सांगत नाही, एक भाग लावून बघा.

---

गोल_गोल

काकू, तुमच्या कपाटाला नमस्कार. पण तुमची कसोटी मला पटली नाही, आणि ती लावली तर सगळ्यात भयंकर मांगा यादीतून बाहेर जाते.

उझुमाकी. जुंजी इतो, १९९८-९९. कुरोउझू नावाच्या गावाला चक्राकार आकाराची बाधा होते. भूत नाही, मेलेलं कुणी नाही, कुणाचं काही राहिलेलं नाही. आकार. गोगलगाईच्या पाठीवर असतो तो. एका मुलाचे वडील तो बघत बसतात, आई त्याला इतकी घाबरते की स्वतःच्या बोटांच्या टोकांवरची कातडी काढते, कारण ठशात तो आहे. या आकाराला काय हवंय? काहीच नाही. त्याला नवस बोलता येत नाही, त्याची माफी मागता येत नाही, औषधविक्या येऊन चौकशी करू शकत नाही. मुंज्याचं सोपं आहे हो, त्याचं लग्न लावून टाका.

मी इथं डेंटलला आहे, म्हणून एक सांगतो. इतो मांगाकार होण्याआधी डेंटल टेक्निशियन होता. ज्यांनी मेणात दात कोरलाय त्यांना त्याची चित्रं वेगळी दिसतात. पहिल्या वर्षी आम्हाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, अर्धा मिलिमीटर चुकला तरी सर ठोकळा परत देतात. इतोचं तसंच आहे. तो शरीर आधी अगदी बरोबर काढतो, मग एकच गोष्ट थोडी पुढे नेतो. थोडी आणखी. प्रत्येक पायरी पटत जाते आणि शेवटी तुम्ही अशा ठिकाणी असता जिथं यायला तुम्ही कधीच हो म्हटलं नव्हतं. माझी कसोटी हीच आहे. भीती पायरी-पायरीनं आली पाहिजे, आणि कुठल्या पायरीला मी थांबायला हवं होतं ते मला सांगता येऊ नये.

उझुमाकी नको असेल तर त्याची अमिगारा फॉल्टची गोष्ट वाचा, वीस मिनिटांत होते. भूकंपात डोंगर फुटतो, आत माणसाच्या आकाराची भोकं दिसतात, आणि लोक आपापलं भोक ओळखतात. बास. इथंही कुणाचं काही राहिलेलं नाही.

अ‍ॅनिमेचं विचाराल तर उझुमाकीचे २०२४ मध्ये चार भाग आले, काळ्या-पांढऱ्या रंगात. पहिला अप्रतिम. दुसऱ्यापासून हात बदलल्याचं उघड दिसतं. पहिला बघा आणि पुस्तकाकडे या. आणि काकू, त्या पहिल्या भागाचा दिग्दर्शक हिरोशी नागाहामा आहे, म्हणजे तुमच्या मुशिशीचाच. आता सांगा, मुशिशीतल्या मुशींना, त्या विचित्र जीवांना, तरी काय हवं असतं? त्या झाडपाल्यासारख्या असतात, जगतात, वाढतात, मध्ये माणूस आला तर माणसाचं वाटोळं. तुमच्याच यादीतली मालिका तुमच्या कसोटीत नापास आहे.

---

इतवारीवाला

ह्या वादात एक नागपुरी मुद्दा टाकून जातो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत पाहायला गेला नसेल असा नागपूरकर नसेल. काळी मारबत, पिवळी मारबत, या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि सोबत बडगे, तेही पुतळेच. बडग्या दरवर्षी नवा. ज्या वर्षी लोकांना ज्याचा राग किंवा धास्ती, त्याचा बडग्या: महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, एखादा पुढारी. इडापिडा घेऊन जा गे मारबत, म्हणत गल्लीगल्लीतून न्यायचा आणि जाळून टाकायचा. माझं घर मिरवणुकीच्या वाटेवर आहे, लहानपणी मी पिवळीला घाबरून आजीच्या मागं लपायचो आणि बडग्याला हसायचो.

आता चेनसॉ मॅन बघा. त्यातले सैतान माणसांच्या भीतीतून जन्मतात, आणि ज्या नावाची भीती जास्त त्याची ताकद जास्त. म्हणून कॉफीचा सैतान फुसका निघेल आणि बंदुकीच्या सैतानापुढं देशच्या देश हादरतात. जुजुत्सुचंही मूळ तेच, लोकांच्या मनातली घाण साचून शाप होतात. मला ही कल्पना आवडते कारण तिच्यात भूत एका माणसाचं नसतं, सगळ्या गावाचं असतं. काकूंच्या भुताचा हिशेब एका घरातला आहे. डेंटलवाल्याच्या भुताला हिशेबच नाही. मारबतीचा हिशेब वर्गणी काढून केलेला असतो.

चेनसॉ मॅनमध्ये आणखी एक चांगलं आहे. सैतानाशी करार करायचा तर अंगातलं काहीतरी द्यावं लागतं. एका बाईनं उजवा डोळा दिलाय, एक पोरगा आयुष्याची वर्षं देत चाललाय, आणि हे सगळे सरकारी नोकर आहेत, पगारावर. ऑफिसातल्यासारखी पार्टीसुद्धा होते. त्या पार्टीचा भाग ताईंना दाखवू नका, ओकारी आहे. नाही, त्या नर्स आहेत, दाखवा. अ‍ॅनिमेचा पहिला सीझन २०२२ चा, बाराच भाग. रक्त भरपूर आहे, पण ताईंची तक्रार रक्ताबद्दल नव्हतीच ना.

---

सदरचा_निशाचर

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद.

ताईला पूर्ण धागा वाचून दाखवला, ती ड्यूटीला निघायच्या आधी डबा भरत होती. तिचं उत्तर जसंच्या तसं लिहितो: "डेंटलवाला बरोबर बोलतो, इन्फेक्शनला काही नको असते. पण बेडच्या बाजूला बसलेल्याले हवं असते. तो विचारते, आम्ही काय केलं होतं असं? त्याले काय सांगायचं ते पुस्तकात नसते." मग म्हणाली, शिकी लाव, पण मी आल्याशिवाय नको. आणि मारबतवाल्या दादांना सांग, ओकारीचं आम्हाला काही वाटत नाही.

एक विचारायचं राहिलं. मोनोनोके शोधलं तर लांडग्यांसोबतच्या मुलीचा चित्रपट येतोय. तोच का? आणि या वर्ष-दोन वर्षांतलं काही नवीन आहे का, की सगळं चांगलं जुनंच?

---

धरमपेठ_लायब्ररी

गोल_गोल, तू भांडलास ते बरं वाटलं. उझुमाकी माझ्याकडे आहे, तिन्ही भाग एकत्र असलेली जाड प्रत, आणि खरं सांगते, ती नेणारा एकही माणूस अर्ध्यावर थांबलेला नाही. पण मला त्यात काय दिसतं सांगू? तो आकार गावाकडे काही मागत नाही, बरोबर. पण बाप तो आकार गोळा करत बसतो, आई त्याच्यापासून पळते, मुलगा पोरीला म्हणतो गाव सोडू या आणि ती सोडत नाही. सगळं मागणं माणसांच्या बाजूला आहे. मुशिशीत तर ते आणखी उघड आहे. त्यातला मुशींचा जाणकार गिंको येऊन सांगतो, ही मुशी काढता येईल, पण काढली की तुझं अमुक जाईल. आणि लोक विचार करत बसतात, काहीजण चक्क नको म्हणतात. मुशीला काही नको असतं म्हणूनच माणसाचा हट्ट स्वच्छ दिसतो. ताईंनी एका वाक्यात जे सांगितलं त्याला मला एवढा परिच्छेद लागला. तेव्हा "भुताचं काय राहिलंय" याच्यापुढं मी "किंवा जिवंताचं" एवढं जोडते, आणि तुझ्या मेणाच्या दाताला मान देते. अमिगारा मात्र मला अजूनही नुसती चतुर वाटते. त्या भोकांत जाणाऱ्यांपैकी एकाचंही घर आपल्याला दिसत नाही.

इतवारीवाले, तुमचा मुद्दा चांगला आहे, पण चेनसॉ मॅनचे खंड माझ्याकडे मुलं नेतात ती मारामारीसाठीच. करारांबद्दल कुणी बोललेलं ऐकलं नाही. कदाचित मी ऐकायला चुकीच्या वयाची आहे.

नवीन विचारलंस तर हिकारू गा शिंदा नात्सु. मांगा २०२१ मध्ये सुरू झाली, अ‍ॅनिमे २०२५ चं, बारा भाग. मिए प्रांतातलं खेडं, दोन मित्र. एक डोंगरात हरवतो आणि आठवड्यानं परत येतो. दुसऱ्याला कळतं की परत आलेला तो नाही. हे सुरुवातीलाच सांगतात, म्हणून मी शेवट फोडत नाहीये. त्याला कळतं, तो विचारतो, समोरचा कबूल करतो, आणि तरीही हा त्याच्यासोबतच राहायचं ठरवतो. तो मित्र मेलाय हे मान्य करण्यापेक्षा त्याच्या जागी आलेलं काहीतरी बरं. गावातली म्हातारी माणसं, सिकाडा किड्यांचा आवाज, उकाडा, सगळं फार नेमकं आहे, आणि पोरं तिथल्या बोलीत बोलतात. सबटायटलमध्ये ते कळत नाही, कान देऊन ऐकलं तर कळतं.

मिएरुको-चान कुणी सुचवेल, म्हणून आधीच सांगते. मुलीला भुतं दिसतात आणि ती न दिसल्याचं नाटक करते. कल्पना ताईंना आवडेल, आणि तिच्या घरातली एक गोष्ट मला चटका लावून गेली. पण कॅमेरा त्या शाळकरी पोरींवर जसा फिरतो ते मला बघवत नाही. त्यापेक्षा मांगा वाचा.

आता मोनोनोकेचं. लांडग्यांचा तो चित्रपट वेगळा, चांगला आहे, पण हा नाही. २००७ च्या मालिकेचं नाव शोधा, चित्रात टोकदार कानांचा, तोंडावर लाल रेघा ओढलेला माणूस दिसला की तोच. आणि तिच्याही आधी २००६ ची अयाकाशी नावाची अकरा भागांची मालिका शोधा. तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली योत्सुया काइदान, १८२५ च्या काबुकी नाटकावरची, ती वेळ मिळेल तेव्हा बघा. शेवटची बाकेनेको, नववा ते अकरावा भाग. औषधविक्या पहिल्यांदा तिथं येतो, आणि ती गोष्ट इतकी गाजली की त्याला स्वतःची मालिका मिळाली. ते तीन भाग आधी, मग मोनोनोके. शिकी ताईंची सुट्टी असेल तेव्हाच लावा, कारण अकराव्या भागानंतर तुम्हाला थांबता येणार नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सकाळची ड्यूटी असेल तर बोल मला लागेल.